दाजींसाठी कंपनी बघायला: राहू, शिरूर, कुरकुंभ

मागच्या वर्षी स्पिती, त्याआधी मेघालय. यंदा कुठं, असं तुम्ही कमेंटमध्ये विचारत होतात आणि मी नुसते गूढ हसणारे स्मायली टाकत होते. तर ऐका. यंदा शिरूर, दौंड आणि कुरकुंभची एमआयडीसी. हसू नका. दोन दिवस, माझी लाल स्कूटर आणि सोबतीला माझे दाजी.

झालं असं की फेब्रुवारीच्या सुरुवातीला माझ्या मोठ्या बहिणीचा राहूवरून फोन आला. ताईचं लग्न होऊन सात वर्षं झाली, तिची भाषा आता पार राहूची झालीय. दाजी ट्रेलर चालवतात. रांजणगावच्या कारखान्यातून फ्रीज, वॉशिंग मशीन भरायचे आणि आसाम, बंगाल, जिकडं पाठवतील तिकडं जायचं. दीड-दोन महिन्यांनी घरी येणार, दोन दिवस झोपणार, परत जाणार. घरचं कुत्रं दूधवाल्यापुढं शेपूट हलवतं आणि दाजींवर भुंकतं, एवढ्यावरून काय ते समजा.

"ह्यांनी कंपनी सोडली," ताई म्हणाली.

"अरे वा! सुटलीस की."

"सुटते कुठं! नव्या दोन कंपन्यांनी बोलावलंय. एक शिरूरला, एक कुरकुंभला. तू जा ह्यांच्यासंगं, बघून ये."

"मी? मला ट्रकमधलं काय कळतं?"

"ट्रकमधलं त्यांना कळतं गं. माणसातलं काय बी कळत न्हाई. कोणी एक चहा पाजला की तो देवमाणूस. आन् हे बघ, माझं लग्न ठरलं तवा आपल्याकडून चौकशीला कोणी गेलं न्हाई. ती कसर आता काढ."

आता यातली गंमत बाजूला ठेवून खरं सांगते. ताईला तेव्हा सातवा महिना होता. पहिल्या खेपेला, स्वरा झाली तेव्हा, दाजी गुवाहाटीत होते. लेकीचं तोंड व्हिडिओ कॉलवर बघितलं, तेही नेटवर्क गेलं म्हणून कपाळापासून नाकापर्यंतच. ताई तेव्हा काही बोलली नव्हती. यावेळी मात्र तिनं आवाज न चढवता सांगितलं, "ह्या खेपेला मला माणूस दारात पाहिजे. फोनमधी न्हाई." ताईचा आवाज चढत नाही तेव्हा आमच्या घरात सगळे सरळ होतात. मी ऑफिसात सुट्टी टाकली.

पहिला दिवस. पुण्याहून राहूला जायचं तर सोलापूर हायवेच्या नादी लागू नका. वाघोलीवरून वाडेबोल्हाईमार्गे या. रस्ता अरुंद आहे, पण दोन्ही बाजूंना ऊस आणि मधूनमधून गुऱ्हाळं. गुऱ्हाळावर थांबा, गरम काकवी मागा, आणि पैसे विचारलेत तर मालक रागावेल याची तयारी ठेवा. मी गुळाची एक ढेप घेतली, तिचे पैसे मात्र त्यानं न रागावता घेतले.

राहूत ताईनं पोह्यांवर पोहे खायला घातले आणि आम्हाला वाटेला लावलं. "चौफुल्याला उगा जास्त वेळ थांबू नका," ती दाजींकडं बघून म्हणाली. चौफुल्याला लावणीची थिएटरं आहेत, हे तालुक्यातल्या प्रत्येक बायकोला पाठ असतं.

"अगं, आज चौफुला रस्त्यात बी न्हाई," दाजी म्हणाले.

"म्हणूनच आत्ता सांगितलं. उद्या हाय."

स्कूटर दाजींनी घेतली. चौदा चाकांची गाडी चालवणारा माणूस मेहुणीच्या मागं कसा बसणार! पण हात ट्रेलरचाच. प्रत्येक वळणाला आधी उजवीकडं लांब जायचं, मग मागं चाळीस फुटांची ट्रॉली असल्यासारखं हळूहळू डावीकडं यायचं. पारगावच्या भीमेच्या पुलावर एका म्हशीला साइड देण्यासाठी त्यांनी इंडिकेटर दिला. म्हशीनंही त्यांच्याकडं जरा आदरानं बघितलं.

पारगाव, न्हावरा, शिरूर. कारखाने चालू असताना हा रस्ता सकाळी लवकर करा. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत असतात, मागं ना लाल दिवा ना काही, आणि वरून स्पीकरवर गाणी. न्हावऱ्याच्या चौकात चहा दहा रुपये, खारी सोबत मिळते.

आता कंपनी बघायची पद्धत सांगते, कारण मलाही माहीत नव्हती. मला वाटलं ऑफिसात जायचं, साहेबाला भेटायचं. दाजी म्हणाले, "ऑफिसात सगळेच गोड बोलतात. कंपनीच्या गाड्या जिथं उभ्या राहतात तिथं जायचं आन् ड्रायव्हरला विचारायचं." म्हणजे मुलीकडच्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडं चौकशी करावी, तसंच. हे मला लगेच पटलं.

शिरूरच्या बायपासला एका हॉटेलामागं मोठं पार्किंग आहे. बायकांनो, तुमच्यासाठी टीप: हॉटेलातलं स्वच्छतागृह विसरा, अलीकडच्या पेट्रोल पंपावर जा. मिसळ साठ रुपये, तर्री मागाल तेवढी. शेजारच्या टेबलावर तीन हिंदी बोलणारे ड्रायव्हर आपापल्या सुट्ट्या मोजत होते.

"मैं तो होली पे जाऊँगा."

"पिछली होली पे भी यही बोला था तू."

"अरे, कौन सी होली, ये थोड़ी बोला था!"

तिघंही टेबलावर हात आपटून हसले. मीही हसले. त्यात काय होतं ते मला नंतर कळलं.

आम्ही ज्या कंपनीसाठी आलो होतो तिचा एक कंटेनर लिंबाखाली उभा होता. ड्रायव्हरचं नाव सोपान, गाव कवठे येमाई, म्हणजे याच तालुक्यातलं. पस्तिशीचा असेल. दाढी वाढलेली, डोळे मात्र हसरे. दाजी चौकशीला आलेत म्हटल्यावर त्यानं स्वतःच्या खांद्यावरच्या टॉवेलनं माझ्यासाठी खुर्ची पुसली.

"या की कंपनीत! विचार कसला करताय?" तो म्हणाला. "पगार एक तारखेला. भत्ता येगळा. एसी केबिन. डिझेलवरून किटकिट न्हाई. मालक म्हंजी देव."

"आन् घरी?" दाजींनी विचारलं.

"म्हणाल तवा! सुट्टी मागायची आन् निघायचं. लगेच या, पाव्हणं. उद्याच या."

त्यानं चहा पाजला. मग मिसळ. मग मला केबिन दाखवली. काय सांगू तुम्हाला, काय टुमदार संसार! छोटा गॅस, कुकर, कांद्याची पिशवी, लोणच्याची बरणी, दोरीवर वाळत घातलेले कपडे, आरशाला अडकवलेला कंगवा. देवाच्या फोटोशेजारी एका लहान मुलाचा फोटो, केस पार डोळ्यांवर आलेले. "किती गोड आहे मुलगी!" मी म्हटलं. "मुलगा हाय," सोपान म्हणाला आणि फोटोवरची धूळ अंगठ्यानं पुसली. मी त्या केबिनचे अकरा फोटो काढले. कंपनीला मनातल्या मनात दहापैकी दहा देऊन टाकले.

परतताना दाजी हवेत होते. "देवमाणूस हाय," ते म्हणाले. मला ताईचं वाक्य आठवलं, पण मिसळ मीही खाल्ली होती.

दुसरा दिवस. राहू, केडगाव, चौफुला. चौफुल्याला आम्ही थांबलो नाही. दाजींनी मान सरळ ठेवून, एकाही बोर्डाकडं न बघता स्कूटर पुढं काढली आणि "सांग तुझ्या बहिणीला" असं दोनदा म्हणाले. मग सोलापूर हायवे, पाटसचा टोलनाका, दुचाकीला टोल नाही. कुरकुंभ आलं हे बोर्ड वाचायच्या आधी नाकाला कळतं. कधी जळक्या साखरेसारखा वास, कधी दवाखान्यासारखा, आणि एकदा असा आला की मी हेल्मेटची काच खाली केली. टेकडीवर फिरंगाई देवीचं देऊळ आहे. वेळ असेल तर जा, वर वारा छान असतो.

ही कंपनी टँकरची. कुरकुंभच्या कारखान्यातून माल भरायचा, चाकणला रिकामा करायचा, परत यायचं. गेटाबाहेर वडाच्या पारावर एक आप्पा जेवायला बसले होते. पन्नाशीचे, इस्त्रीचा गणवेश, बाजूला नारिंगी हेल्मेट. आम्ही चौकशीला आलोय म्हटल्यावर त्यांचा घास हातातच राहिला.

"हितं?" आप्पा म्हणाले. "डोकं फिरलंय का तुमचं? लई भंगार कंपनी. मरायला यायचं आसंल तर या."

दाजी घाबरले. "का हो आप्पा?"

"का म्हंजी! बुटाबिगर गेटातून आत घेत न्हाईत. बूट कंपनीच देती, पण चावत्यात ना पायाला! सारखं ट्रेनिंग. गाडी जरा जोरात घेतली की लगेच फोन, आप्पा हळू. रात्रीची गाडी चालवू देत न्हाईत. चार जादा फेऱ्या माराव्या म्हणलं तर न्हाई, दिवस मावळायला गाडी आत लावायची आन् घरी जायचं."

"अरेरे," मी म्हटलं.

"घरी गेलं की बायको पिशवी देती हातात, जा बाजारात. कालच्याला पोरीच्या शाळंत मीटिंग, तिथं बी मीच. मेहुण्याचं भांडण मिटवायला मीच. जीवाला इसावा म्हणून न्हाई, बाई! आन् पगार? पगार तर शिरूरवाल्यांच्या निम्म्याला जरा वर."

मला त्यांची खरंच दया आली. त्या दुःखातही त्यांनी डबा आमच्यापुढं सरकवला. बाजरीची भाकरी, मेथी, ठेचा. भाकरी इतकी मऊ की मी दोन घेतल्या. निघताना आप्पा परत म्हणाले, "माझं ऐका, शिरूरला जा. चांगली कंपनी हाय ती." मी मनातल्या मनात कुरकुंभला दहापैकी दोन दिले. ते दोनही भाकरीचे.

संध्याकाळी राहूत ओट्यावर बैठक बसली. मी अहवाल दिला: शिरूर उत्तम, कुरकुंभ बाद. दाजींनी मान डोलावली. ताई शेंगा फोडत होती, तिनं फक्त "हं" केलं. तेवढ्यात दाजींचा फोन वाजला. सोपान.

"काय ठरलं, पाव्हणं? येताय ना? मी साहेबाला सांगून ठिवलंय. उद्याच बसा गाडीवर."

दाजी तोंड उघडणार, इतक्यात ताईनं हात पुढं केला. फोन घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"भाऊ, मी ह्यांची बायको बोलती. तुम्ही घरी कवा गेल्ता?"

"जातो की वहिनी, म्हणाल तवा..."

"तसं न्हाई. कवा गेल्ता?"

पलीकडं कुणाचातरी हॉर्न वाजला. मग सोपान म्हणाला, "गणपतीत."

"दिवाळीला?"

"दिवाळीला कानपूरला व्हतो."

"घर कुठं हाय तुमचं?"

"कवठ्याला."

"आन् आत्ता कुठं हाय तुम्ही?"

"शिरूरला."

तिथून कवठे येमाई म्हणजे एसटीनं जायचं अंतर. मला केबिनमधला कुकर आठवला, दोरीवरचे कपडे आठवले. टुमदार म्हणे!

"मग घरी कवा जाणार, भाऊ?" ताईनं विचारलं.

"तुमचं मालक गाडीवर बसलं की," सोपान म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगून टाकलं. त्या कंपनीत सुट्टी हवी तर आपल्या जागी दुसरा ड्रायव्हर आपणच शोधून आणायचा. बदली आणा आणि जा. बदली नाही तर सुट्टी नाही, आणि गाडी टाकून गेलात तर मागचा पगार विसरा. म्हणून त्या पार्किंगमधला प्रत्येक जण येणाऱ्याजाणाऱ्याला कंपनीची ओवी गात असतो.

"धाकट्याचं जावळ काढायचं राह्यलंय, वहिनी. मी आल्याबिगर काढायचं न्हाई म्हणून आई बसलीय. केस डोळ्यात यायला लागलं पोराच्या."

"मग आमच्याशी खोटं का बोललात?"

"खरं सांगितलं असतं तर कोण आलं असतं?"

"ते न्हाई यायचे, भाऊ," ताई म्हणाली, पण हळू म्हणाली. सोपान "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

दाजी खाली मान घालून बसले होते. "आठ दिवस बसू का मी त्याच्या जागी? तेवढंच पोराचं जावळ..."

"आन् तुम्हाला सोडवायला कोण येणार?" ताई म्हणाली. "माझ्या पोटातलं?"

मग ताईनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडं वळली. "त्या कुरकुंभवाल्याचं परत सांग. जेवला काय?"

"भाकरी. मेथी. पण ताई, तो माणूस इतका गांजलेला..."

"भाकरी कशी व्हती?"

"मऊ."

"दुपारच्याला मऊ? म्हंजी सकाळी घरची. इस्त्री व्हती का कपड्याला?"

"होती."

"पिशवी घेऊन बाजारात जातो, लेकीच्या शाळंत जातो, दिवस मावळायला घरी येतो. आन् तू त्याला अरेरे म्हणून आलीस?" ताईनं कपाळाला हात लावला. "पदव्या घेतल्यात म्हणं पुण्यात!"

"मग तो शिव्या का देत व्हता?" दाजी म्हणाले.

"देणारच! तिथं जागा रिकामी झालीय. त्याचा कोणी साडू-मेहुणा आसंल चिकटवायला. चांगल्या घरचा पत्ता कोण सांगतंय वाटंवरच्याला?"

पगाराचं काय, हा प्रश्न उरलाच होता. कमी होता, आणि चांगलाच कमी होता. ट्रॅक्टरचा हप्ता, स्वराची शाळा, सगळं ताईनं बोटांवर धरून बघितलं. मग म्हणाली, "बघू. दुसरी म्हस इकावी लागंल." दाजींना ती म्हैस फार आवडते. ते उठून गोठ्यात जाऊन आले आणि म्हणाले, "जातो कुरकुंभला."

ट्रायलच्या, म्हणजे टँकर चालवून दाखवायच्या दिवशी गेटावर आप्पा हजर होते, आणि त्यांच्या शेजारी कडक इस्त्रीच्या शर्टात त्यांचे सख्खे साडू. दाजींची निवड झाली, साडूंची नाही. आप्पा पुढं कितीतरी दिवस दाजींशी बोलत नव्हते. आता दोघं एकाच पारावर डबा खातात आणि मेथीवरून भांडतात.

मी मात्र ओट्यावरच्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशीच गुळाची ढेप डिकीत टाकून पुण्याला परतले. खर्च म्हणाल तर पेट्रोल, ही ढेप, सहा-सात चहा. स्पितीच्या एका रात्रीच्या हॉटेलात असे दहा प्रवास होतील. सोपानच्या केबिनचे ते अकरा फोटो मी पोस्टमध्ये टाकणार होते, 'चाकांवरचं घर' असं शीर्षकही सुचलं होतं. नाही टाकले. लाज वाटली. आणि हॉटेल बुक करताना लोकांची स्तुती वाचली की आता मला पहिला प्रश्न पडतो, याला कुणाला आत अडकवून स्वतः बाहेर पडायचंय का?

ताईला एप्रिलमध्ये मुलगा झाला. दौंडच्या दवाखान्यात दाजी दाराबाहेर उभे होते, पायात ते चावणारे बूट, आणि नर्सनं बाळ हातात दिलं तेव्हा ते इतके रडले की नर्स ताईला विचारायला गेली, ह्यांना बरं नाही का? ताई म्हणाली, असू दे, पहिलीच वेळ आहे.

मे महिन्यात मी बाळाला बघायला राहूला गेले. दाजी ओट्यावर त्याला मांडीवर घेऊन बसले होते. कंपनीत आणखी एक जागा निघाली होती, आणि त्यांनी सोपानला फोन लावला होता. अजून तो त्याच कंटेनरवर होता. जावळ? अजून नाही.

"सोपानराव, आमच्याकडं या," दाजी म्हणाले. "देवाशपथ सांगतो, लई चांगली कंपनी हाय. रोज घरी. मालक भला माणूस. सुट्टी मागायची आन् निघायचं. उद्याच या."

पलीकडून सोपान मोठ्यानं हसला. "वळखलं मी, पाव्हणं! तुम्ही बी अडकला व्हय? बदली पाहिजे ना? माझंच औषध मला पाजताय?"

दाजींनी शपथा घातल्या. ताईची, स्वराची, मांडीवरच्या बाळाची. जितक्या शपथा वाढल्या तितका सोपान जास्त हसला. शेवटी दाजींनी फोनवर हात ठेवून माझ्याकडं केविलवाणं बघितलं. आतून ताईचा आवाज आला, "आहो, नीट सांगा की त्याला!"

दाजींनी घसा खाकरला.

"बरं, ऐक मग. लई भंगार कंपनी हाय. बूट चावत्यात. रात्रीची गाडी चालवू देत न्हाईत. दिवस मावळायला घरी हाकलत्यात, आन् घरी बायको पिशवी देती हातात. आजिबात येऊ नको."

पलीकडचं हसू थांबलं.

"कवा येऊ?" सोपान म्हणाला.